पुणे ते स्टुटगार्ट, १४ मिनिटं: समुद्रापलीकडच्या शेअर्ड ड्राइव्हचं एक प्रकरण

डिझाईन टीम पुण्यात आणि फाइल सर्व्हर जर्मनीत, ही मांडणी चाकण-हिंजवडी पट्ट्यात नवी नाही. मुख्य ऑफिस स्टुटगार्टजवळ, तिथे विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर सगळी ड्रॉइंग्ज आणि थ्री-डी पार्ट. पुण्यातल्या प्रत्येक मशीनवर तोच शेअर ‘के ड्राइव्ह’ म्हणून जोडलेला. मध्ये १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन, तिच्यावर आयपीसेक टनेल (दोन ऑफिसांमधली एन्क्रिप्टेड वाट), आणि पिंगची, म्हणजे एक पॅकेट जाऊन उत्तर परत यायची, वेळ १४० मिलिसेकंद. हे प्रकरण अशा मांडणीवर बेतलेलं आहे, कोणत्याही एका कंपनीचं नाही. आकडे मुद्दाम असे घेतलेत की गुणाकार वाचकाला स्वतः करून पाहता यावा.

तक्रार अशी: ६२० पार्टची एक असेम्ब्ली, सगळ्या फाइल मिळून २८० एमबी. जर्मनीत ती अर्ध्या मिनिटात उघडते, पुण्यात १४ मिनिटं घेते. सेव्हचं दुखणं याहून वाईट. १८ एमबीची एक फाइल सेव्ह व्हायला जवळजवळ ११ मिनिटं, आणि तेवढा वेळ स्क्रीन पांढरी पडलेली. लोक सेव्ह दाबून चहाला जायचे. काहींनी सगळा प्रकल्प स्वतःच्या डी ड्राइव्हवर उतरवून काम सुरू केलं, आणि मग कोणाची फाइल खरी यावरून वेगळी भांडणं लागली.

पहिला उपाय नेहमीचाच झाला: लाइन १०० वरून ३०० एमबीपीएस केली. असेम्ब्लीची वेळ १६ सेकंदांनी कमी झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

लाइन दोषी नाही, हे आधी सिद्ध करायचं

लाइनवर संशय घेणं चूक नाही, पण तो दहा मिनिटांत तपासून बाजूला ठेवता येतो. दोन्ही टोकांना आयपर्फ हे वेग मोजणारं साधन चालवा, आधी एकाच प्रवाहावर आणि मग आठ प्रवाहांवर. जुन्या १०० एमबीपीएसच्या लाइनवर एकच प्रवाह ९२ एमबीपीएस देत होता. ५०० एमबीची एक झिप फाइल के ड्राइव्हवरून ४४ सेकंदांत उतरली. म्हणजे पाइप मोकळा होता.

हा आकडा असा आला नसता तर तपास दुसऱ्या दिशेला गेला असता. १०० एमबीपीएस आणि १४० मिलिसेकंद यांचा गुणाकार १.७५ एमबी होतो. एवढा डेटा पोच न मिळता वाटेत असेल तरच लाइन भरते. टीसीपीची विंडो (पोच यायच्या आधी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा) ६४ केबीवर अडकली, तर कितीही मोठी लाइन घ्या, एका प्रवाहाला ३.७ एमबीपीएसच्या वर मिळत नाही. एक प्रवाह नेमका तेवढ्यावर थांबतोय आणि आठ मिळून तिसावर जातायत असं दिसलं, तर मधलं एखादं फायरवॉल विंडो त्याहून मोठी करू देणारा ‘विंडो स्केलिंग’चा पर्याय पुसून टाकतंय का, ते बघायचं. पॅकेट गळतीचाही हिशेब असाच. हजारात एक पॅकेट गळत असेल, तर टीसीपीच्या रेनो या जुन्या वेग-नियंत्रण पद्धतीच्या सूत्राने या अंतरावर एका प्रवाहाची मजल ३ एमबीपीएसच्या आसपास संपते. क्युबिक ही नंतरची पद्धत त्याहून बरी वागते, पण गळती ती गळतीच. तिसरी शक्यता एमटीयूची, म्हणजे पॅकेटच्या कमाल लांबीची. लहान फाइल येते, फोल्डर दिसतो, पण मोठी फाइल सुरू होऊन तशीच लटकते, असं झालं तर टनेलमुळे पॅकेटची कमाल लांबी घटलेली असते आणि ते कळवणारे आयसीएमपी संदेश कोणीतरी ‘सुरक्षेसाठी’ अडवलेले असतात. टनेलच्या दोन्ही टोकांना एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) १३६० बाइटच्या आसपास बांधला की ते सुटतं.

इथे यातलं काहीच नव्हतं. एक मोठी फाइल सुसाट येते आणि ६२० लहान फाइली रांगत येतात, याचा अर्थ अडचण डेटा किती आहे यात नसून हेलपाटे, म्हणजे विनंती-उत्तराच्या फेऱ्या, किती होतात यात आहे.

हेलपाटे मोजणं

पुण्यातल्या एका मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट नोंदवणारं साधन) लावून असेम्ब्ली उघडली. ‘स्टॅटिस्टिक्स’ मेनूत ‘सर्व्हिस रिस्पॉन्स टाइम’खाली एसएमबी २ (विंडोज शेअरवरच्या फाइली ज्या प्रोटोकॉलने मागतं तो) निवडलं की कोणता आदेश किती वेळा गेला आणि उत्तराला किती वेळ लागला, याचा तक्ता मिळतो. (शेअरवर एसएमबी एन्क्रिप्शन चालू असेल तर वायरशार्कला आत काहीच दिसत नाही. अशा वेळी परफॉर्मन्स मॉनिटरमधले ‘एसएमबी क्लायंट शेअर्स’ गटातले काउंटर बघायचे. नेमके आदेश कळत नाहीत, पण सेकंदाला किती मेटाडेटा विनंत्या जातात ते कळतं.)

एकूण विनंत्या ५,५८०. त्यात क्रिएट, म्हणजे फाइल उघडण्याचा आदेश, २,४८० वेळा. क्लोज १,२४०, रीड १,२४० आणि क्वेरी इन्फो ६२०. दर पार्टमागे नऊ. तोच ट्रेस, म्हणजे पॅकेटची नोंद, सर्व्हरच्या बाजूनेही घेतला. तिथे प्रत्येक विनंतीचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत निघत होतं, त्यामुळे डिस्क आणि सर्व्हर निर्दोष. पुण्याच्या बाजूला तीच उत्तरं १४१-१४२ मिलिसेकंदांनी पोचत होती.

आता गुणाकार: ५,५८० × ०.१४ = ७८१ सेकंद. २८० एमबी प्रत्यक्ष वाहून आणायला २४ सेकंद. प्रोग्रॅमचं स्वतःचं काम ३० सेकंद. बेरीज ८३५ सेकंद, म्हणजे १४ मिनिटांना पाच सेकंद कमी. लाइन तिप्पट केली तेव्हा यातले फक्त ते मधले २४ सेकंद ८ झाले.

इथे नेहमी एक प्रश्न येतो: एसएमबी तर सुधारलं आहे ना? सुधारलं आहे. जुन्या एसएमबी १ मध्ये शंभरावर आदेश होते, २००६ मध्ये व्हिस्टाबरोबर आलेल्या एसएमबी २ ने ते १९ वर आणले. एकाच पाकिटात अनेक आदेश बांधता येतात, पहिल्याचं उत्तर यायच्या आत पुढचे पाठवता येतात, आणि एसएमबी २.१ पासून एका रीडमध्ये १ एमबीपर्यंत मागता येतं. ५०० एमबीची फाइल ४४ सेकंदांत आली ती याच जोरावर. पण असेम्ब्ली उघडणारा प्रोग्रॅम एका वेळी एकच फाइल मागतो. ती उघडली, वाचली, बंद केली की मग पुढचीचं नाव काढतो. तलाठी कार्यालयात एकेक कागद सांगून परत पाठवतात, तसं. रस्ता चौपदरी केला म्हणून हेलपाटे कमी होत नाहीत.

आणि १४० मिलिसेकंद विकत घेऊन कमी होत नाहीत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते स्टुटगार्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद ही निसर्गाची किमान फी. प्रत्यक्षात केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य असा वळसा घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारत-युरोप वाहतुकीचा बराच भाग लांबच्या वाटेने गेला. अशा वेळी पिंग २४० झाला तर हीच असेम्ब्ली २३ मिनिटांवर जाते, लाइन १०० ची असो की ३०० ची.

नऊ हेलपाटे कुठे जातात

तक्त्यावर न थांबता एकाच पार्टचा माग काढला. प्रोग्रॅम कोणती फाइल कधी हाताळतो ते दाखवणाऱ्या प्रोसेस मॉनिटरमध्ये एका बेअरिंगची फाइल घेतली आणि तिचं नाव असलेल्या ओळी तेवढ्या गाळून बघितल्या.

पहिली ओळ: असेम्ब्लीच्याच फोल्डरमध्ये शोध, ‘नेम नॉट फाउंड’. दुसरी: एका जुन्या लायब्ररी फोल्डरमध्ये शोध, पुन्हा ‘नेम नॉट फाउंड’. हा फोल्डर कोणीतरी पूर्वीच सर्च पाथमध्ये (पार्ट कुठे कुठे शोधायचे त्या यादीत) घालून ठेवलेला, आता त्यात काहीच नाही. तिसरी ओळ: खऱ्या लायब्ररीत फाइल सापडली. पण ती लिहिण्याच्या परवानगीसह उघडून बघितली, फक्त कोणी वापरतंय का ते तपासायला. चौथी: क्लोज. पाचवी: तीच फाइल पुन्हा उघडली, आता वाचण्यासाठी. मग आकाराची चौकशी, सुरुवातीच्या काही बाइट्सचा रीड, उरलेल्याचा रीड, क्लोज. एका बेअरिंगसाठी सव्वा सेकंद, आणि त्यातला डेटा जेमतेम अर्धा एमबी.

यातले दोन हेलपाटे निव्वळ वाया. प्रोग्रॅमच्या सर्च पाथमधून तो रिकामा फोल्डर काढला, खरी लायब्ररी सगळ्यात वर आणली, आणि असेम्ब्लीतले संदर्भ एकदा पूर्ण पाथसह सेव्ह केले. १,२४० फसलेले क्रिएट गेले, १७४ सेकंद वाचले. खर्च शून्य. नवीन लाइनने वर्षाच्या बिलासकट १६ वाचवले होते.

सेव्हची भानगड

सेव्हचा ट्रेस बघितल्यावर चित्र आणखी सरळ होतं. ४ केबीचा राइट, मग उत्तराची वाट, मग पुढचा ४ केबी. १८ एमबीचे असे ४,६०८ तुकडे होतात. गुणिले ०.१४ म्हणजे ६४५ सेकंद.

बरेच जुने प्रोग्रॅम असेच बारीक तुकड्यांत लिहितात. एरवी ते जाणवत नाही, कारण विंडोज क्लायंट (शेअर वापरणारं मशीन) ते तुकडे स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि मोठे घास करून एकामागोमाग पाठवतो. पण तसं साठवायला सर्व्हरची परवानगी लागते. ‘ही फाइल सध्या तुझ्या एकट्याकडे आहे, तू कॅश केलीस तरी चालेल’ ही ती परवानगी. तिला जुन्या काळात ऑपलॉक म्हणायचे, एसएमबी २.१ पासून लीझ. या सर्व्हरवर दोन्ही बंद होते. त्यावर कधीकाळी फाइल-आधारित डेटाबेस असलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यासाठी कोणीतरी सेटिंग बदललं. सॉफ्टवेअर गेलं, सेटिंग राहिलं. लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्याच नेटवर्कवर, अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतरावर ४,६०८ तुकडे अडीच सेकंदांत जातात, त्यामुळे जर्मनीत कोणाला पत्ताही नव्हता.

पॉवरशेलमधून सर्व्हर कॉन्फिगरेशनमध्ये ऑपलॉक आणि लीझिंग परत चालू केलं. क्लायंटना शेअर सोडून पुन्हा जोडायला लावलं. सेव्ह ११ मिनिटांवरून काही सेकंदांवर आला. वर क्लोजचे हेलपाटेही वाचले, कारण लीझ असताना क्लायंट फाइलचा हँडल (उघडलेल्या फाइलचा ताबा) लगेच परत करत नाही, जवळ ठेवतो. दुसऱ्यांदा उघडणं मात्र वाचलं नाही. पहिली उघडणी लिहिण्याच्या परवानगीची, दुसरी वाचण्याची, आणि दोन्हींच्या अटी जुळत नसल्यामुळे जुना हँडल पुन्हा वापरता येत नाही.

अडचण एकच राहते. तीच फाइल जर्मनीतल्या कोणी उघडली की लीझ मोडते आणि सेव्ह पुन्हा ११ मिनिटांवर जातो. त्यामुळे ‘कधी झटकन होतं, कधी अडकतं’ अशी तक्रार आली तर आधी बघायचं की पलीकडे ती फाइल कोणाकडे उघडी आहे का.

पार्टमागे आता पाच हेलपाटे उरले: ३,१०० × ०.१४ = ४३४ सेकंद, अधिक २४ (तुलनेसाठी हिशेब जुन्या १०० च्या लाइनचाच धरलाय), अधिक ३०. आठ मिनिटं. प्रगती आहे, पण या वेगावर कोणी दिवसभर काम करणार नाही.

क्लायंटवरची सेटिंग्ज

इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात आधी हीच सापडतात, म्हणून थोडक्यात. विंडोज क्लायंट लांबच्या जोडणीवर वेग आपणहून थोडा आवरतो. ते ‘बँडविड्थ थ्रॉटलिंग’ बंद करायला हरकत नाही, मोठ्या फाइलींना उपयोग होतो. फोल्डर आणि फाइलींची माहिती क्लायंट फक्त १० सेकंद लक्षात ठेवतो, ‘सापडली नाही’ हे उत्तर ५ सेकंद. जागाही कमी: माहिती ६४ फाइलींची, यादी १६ फोल्डरांची, आणि एका फोल्डरची यादी ६४ केबीपेक्षा मोठी असेल तर ती ठेवतच नाही. नावं पंचवीसेक अक्षरांची धरली तर ६४ केबीत चारशेच्या आसपास फाइली मावतात. लायब्ररीच्या एका फोल्डरमध्ये तीन हजार पार्ट ओतून ठेवले असतील, तर ती यादी प्रत्येक वेळी समुद्रापलीकडून येते. जागा वाढवा, फोल्डर फोडा. मुदत मात्र सांभाळून वाढवा. १० सेकंदांचे १० मिनिटं केलेत तर पुण्याला जुनी यादी दिसत राहते, आणि दोघं एकाच नावाने नवी फाइल करायला जातात.

एक्सप्लोररमध्ये थंबनेल बंद करून ‘डिटेल्स’ दृश्य ठेवणं हेही या यादीत येतं. फोल्डर नुसता बघायचा असतो, पण एक्सप्लोरर चित्रासाठी एकेक फाइल उघडत बसतो.

जे पर्याय बाजूला ठेवले

ब्रांचकॅशचं नाव लगेच निघतं. शाखेत एकदा आलेला डेटा शाखेतच साठवायचा, ही कल्पना चांगली, आणि तो डीफॉल्टने ८० मिलिसेकंदांच्या वरच्या जोडणीवरच जागा होतो, म्हणजे नेमका आपल्यासाठी. पण तो वाचवतो बाइट्स. फाइल उघडायला क्रिएट अजूनही स्टुटगार्टलाच जातो. इथे बाइट्सचे २४ सेकंद आहेत आणि हेलपाट्यांचे ४३४, त्यामुळे फायदा नगण्य. शिवाय ६४ केबीपेक्षा लहान फाइलींकडे तो बघतही नाही.

वॅन अॅक्सिलरेटर पेट्या (लाइनच्या टोकांना बसवायची वेग वाढवणारी यंत्रं) खरंच हेलपाटे वाचवतात, कारण त्या प्रोटोकॉल समजून पुढचं आधीच मागून ठेवतात. पण त्यासाठी त्यांना मध्ये बसून बोलणं ऐकता यावं लागतं. एसएमबी साइनिंग (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) आणि एन्क्रिप्शन असताना त्यांना डोमेनचे अधिकार द्यावे लागतात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून साइनिंग डीफॉल्टनेच सक्तीचं झालं आहे. सुरक्षा विभाग याला सहसा राजी होत नाही, आणि त्यांचं चूक आहे असंही वाटत नाही.

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे मशीन जर्मनीत आणि फक्त चित्र पुण्यात, हा ऑफिसच्या कामाला उत्तम उपाय. थ्री-डी मॉडेल माउसने फिरवताना १४० मिलिसेकंदांची ओढ हाताला जाणवते. आठ तास तसं काम करायला डिझायनर तयार नव्हते.

‘मग सगळं झिप करून आणा’ हा तात्पुरता तोडगा चांगला आहे, एका अटीवर: झिप सर्व्हरच्याच मशीनवर व्हायला हवी. पुण्यातून के ड्राइव्हवरच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून झिप केली, तर ती बनवायला तेच हेलपाटे पडतात. रोबोकॉपी हा विंडोजचा कॉपी आदेश ३२ धाग्यांवर, म्हणजे एका वेळी ३२ फाइली घेऊन, चालवणं त्याहून सोपं. एकामागोमाग ४३४ सेकंदांचे हेलपाटे ३२ जण वाटून घेतात, १४ सेकंदांवर येतात, आणि मग लाइनचा वेगच आड येतो. तीच लाइन, तोच प्रोटोकॉल, तेच ६२० पार्ट, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मात्र दिवसा असं चालवलं तर त्याच लाइनवरच्या व्हिडिओ मीटिंगांचा जीव जातो.

जे शेवटी बसवलं

६२० पैकी ५४० पार्ट मंजूर लायब्ररीतले होते: बोल्ट, बेअरिंग, सील, जुने मंजूर झालेले भाग. ते पुण्यात कोणी बदलत नाही. चालू कामाचे फक्त ८०. मग ५४० समुद्रापलीकडून रोज कशाला आणायचे?

पुण्यात एक साधा विंडोज सर्व्हर ठेवला आणि लायब्ररीची प्रत डीएफएस रेप्लिकेशनने (दोन सर्व्हरांवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारी विंडोजची सोय) तिथे आणली, केवळ वाचण्यापुरती. ही अट महत्त्वाची. डीएफएस रेप्लिकेशनला दोन गावांत मिळून फाइल लॉक करता येत नाही. दोन्हीकडे लिहू दिलं तर ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचं टिकतं, दुसऱ्याचं मुकाट्याने एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. चालू कामाचे ८० पार्ट म्हणूनच जर्मनीतच ठेवले.

पहिली भरणी रेप्लिकेशनवर न सोडता रोबोकॉपीने परवानग्यांसकट आधी उरकली आणि दोन्हीकडच्या काही फाइलींचे डीएफएसआर हॅश (फाइल आणि तिच्या परवानग्यांवरून काढलेली खूण) ताडून बघितले. परवानग्या जुळल्या नाहीत तर हॅश जुळत नाही, आणि सगळी लायब्ररी पुन्हा ओढली जाते. स्टेजिंगची, म्हणजे वाटेतल्या फाइली तात्पुरत्या ठेवायची, जागा डीफॉल्टने ४ जीबी असते. फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या ३२ फाइलींची बेरीज करायची, तेवढी तरी ठेवायची, वाचनापुरत्या प्रतीला १६ फाइलींची पुरते. ‘~’ ने सुरू होणारी नावं आणि बीएके, टीएमपी फाइली मुळातच गाळल्या जातात, त्यामुळे ‘पुण्यात बॅकअप फाइल का दिसत नाही’ हा प्रश्न येणारच.

दोन्ही ठिकाणी पाथ एकच राहावा म्हणून डीएफएस नेमस्पेस (एकाच पाथवरून जवळच्या सर्व्हरकडे नेणारी सोय) लावला, म्हणजे असेम्ब्लीतले संदर्भ बदलावे लागत नाहीत. पहिल्या दिवशी तरी काहीच फरक पडला नाही: पुण्याची मशीन अजून स्टुटगार्टची लायब्ररी उघडत होती. कारण अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये पुण्याचा सबनेट (तिथल्या मशीनच्या आयपी पत्त्यांचा गट) कुठल्याच साइटला जोडलेला नव्हता, मग जवळचा सर्व्हर कोणता हे नेमस्पेसला कळणार कसं? पुण्याची वेगळी साइट केली, सबनेट तिला जोडला, मशीन रीस्टार्ट केली. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘डीएफएस’ टॅबवर कोणता सर्व्हर चालू आहे ते दिसतं, तिथे पुण्याचं नाव आलं.

आता हिशेब: ८० पार्ट × ५ हेलपाटे × ०.१४ = ५६ सेकंद. त्यांचा डेटा ४० एमबी, चार सेकंद. प्रोग्रॅमचे ३०. असेम्ब्ली दीड मिनिटात.

बदल करण्याआधी लॅबमध्ये

वरचं सगळं चालू सर्व्हरवर करून बघायची गरज नाही. दोन नेटवर्क कार्डांचं एक जुनं मशीन घ्या, लिनक्स टाका, क्लायंट आणि सर्व्हरच्या मध्ये राउटर म्हणून ठेवा, आणि टीसी आदेशातल्या नेटएमने दोन्ही कार्डांवर ७० मिलिसेकंदांचा उशीर लावा. टेबलावर समुद्र तयार. एकाच कार्डावर १४० लावलं तरी पिंग तोच येतो, पण दोन्हीकडे निम्मं ठेवलं की ट्रेस वाचायला सोपा जातो.

यात एक हमखास फसगत आहे. नेटएमची रांग डीफॉल्टने १,००० पॅकेटची असते. १०० एमबीपीएसला ७० मिलिसेकंदांत साधारण ५८० पॅकेट वाटेत असतात, ती मावतात. गिगाबिट कार्डावर वेग न बांधता चाचणी केली तर ५,८०० च्या आसपास लागतात. उरलेली रांगेबाहेर पडतात, आणि नसलेली गळती तपासण्यात दिवस जातो. त्यामुळे ‘लिमिट’ दहा हजार करूनच पहिली चाचणी घ्यायची.